ओढ धनुष्याची, काळजी खांद्याची

दरेकसा हे गोंदिया जिल्ह्याच्या सालेकसा तालुक्यातील, छत्तीसगडच्या सीमेलगतचे गाव. हावडा-मुंबई लोहमार्गावरील येथील लहानसे स्थानक, जवळचा हाजरा फॉल आणि धनेगावच्या डोंगरातील कचारगडची विशाल गुहा यांमुळे त्याचे नाव बाहेरच्या लोकांनाही ठाऊक असते. माघ पौर्णिमेच्या सुमारास कचारगडला अनेक राज्यांतून गोंड समाजाचे हजारो भाविक येतात. या डोंगराळ मुलुखात धान, मोहफुले आणि तेंदूपत्ता यांवर वर्ष चालते, आणि या प्रत्येक कामात माणसाचा खांदा झिजत असतो.

काही वर्षांपूर्वी याच परिसरातील सत्तरी ओलांडलेले एक आजोबा सुनेबरोबर माझ्याकडे आले. रोवणीच्या दिवसांत बांधीच्या धुऱ्यावरून पाय घसरून ते उजव्या अंगावर पडले होते. हाड मोडले असावे या भीतीने घरच्यांनी दुपट्ट्याची झोळी करून हात गळ्यात बांधला आणि तो तब्बल दीड महिना तसाच ठेवला. सुनेने ते प्रेमापोटीच केले होते. परंतु झोळी सोडली तेव्हा हात छातीच्या वर जाईना. डोक्यावरून बंडी घालता येईना, रात्री त्या कुशीवर झोप येईना.

“साहेब, हात वर जातच नाही जी,” ते म्हणाले. मग थोडे थांबून त्यांनी विचारले, “धनुष्य ओढता येईल का जी?”

मी काहीसा दचकलो. शिकारीचा विषय निघाला की आम्हा डॉक्टरांच्याही मनात कायदा आधी येतो. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने वन्य प्राण्यांच्या शिकारीवर बंदी आहे. 2006 च्या वनहक्क कायद्याने वनात राहणाऱ्या समाजांना अनेक हक्क दिले, पण शिकारीचा हक्क त्यातून स्पष्टपणे वगळलेला आहे. आजोबांना हे माझ्यापेक्षा चांगले ठाऊक होते. “शिकार कोण करते जी आता? जवानीत बापासंग गेलो, मग सोडली. नातवाला शिकवतो. केळीच्या खांबावर बाण मारतो पोरगा.”

त्या दिवशी मी जे उत्तर दिले, त्याची मला आजही खंत वाटते. मी म्हणालो, “बाबा, आता वय झाले. धनुष्य विसरा, हात जपा.”

खांद्यात नेमके काय बिघडते?

शरीरातील सर्वाधिक दिशांना फिरणारा सांधा म्हणजे खांदा. या स्वातंत्र्याची किंमत त्याला स्थैर्याने मोजावी लागते. दंडाच्या हाडाचा गोल माथा फऱ्याच्या हाडावरील अगदी उथळ खोबणीवर टेकलेला असतो, जणू बशीत ठेवलेला लिंबू. तो घसरू नये म्हणून चार लहान स्नायू आणि त्यांच्या कंडरा त्याला चहूबाजूंनी धरून ठेवतात. या चौकडीला ‘रोटेटर कफ’ म्हणतात. यांपैकी सर्वांत वरची कंडरा हाडाच्या छताखालच्या अरुंद फटीतून जाते. हात वर उचलताना ती तेथे दाबली जाऊ शकते. वयानुसार या कंडरेचा रक्तपुरवठा आणि लवचीकता दोन्ही कमी होतात. म्हणूनच साठीनंतर ती विरणे किंवा अंशतः फाटणे हे फार आढळते, आणि कित्येकांना त्याचा पत्ताही नसतो. मग एखाद्या पडण्याने किंवा झटक्याने ती बोलू लागते.

धनुष्य ताणताना याच भागावर भार येतो. एक हात धनुष्याला पुढे रेटतो, दुसरा कोपर खांद्याच्या पातळीवर ठेवून दोरी मागे ओढतो. ओढण्याची खरी ताकद दंडातून नव्हे, तर दोन्ही फऱ्यांना जवळ आणणाऱ्या पाठीच्या स्नायूंतून यायला हवी. पाठ दुबळी असेल तर सगळा ताण रोटेटर कफवर येतो. ऑलिंपिक पद्धतीच्या धनुष्याची दोरी पूर्ण ताणायला पुरुष खेळाडूला साधारण 20 किलोचा जोर लावावा लागतो, आणि मानांकन फेरीत 72 बाण सोडावे लागतात. म्हणजे एका फेरीत सुमारे दीड टन ओढणे झाले! म्हणूनच धनुर्धारी खेळाडू पाठीच्या आणि फऱ्याच्या व्यायामाला नेमबाजीइतकेच महत्त्व देतात.

आपल्यापैकी बहुतेकांनी धनुष्य हातात धरलेले नसते. पण विहिरीचा दोर ओढणे, माळ्यावरची ट्रंक खाली घेणे, बसच्या दांडीला लोंबकळणे, अंथरुणाला खिळलेल्या माणसाला वर सरकवणे या कामांतही भार याच कंडरांवर पडतो. रुग्णाची सेवा करणाऱ्यांचे खांदे दुखतात ते याचमुळे.

विश्रांती भाराला, हालचालीला नव्हे

आजोबांचा एक्स-रे काढला, हाड शाबूत होते. गोंदियाला सोनोग्राफी केली, तीत एक कंडरा अंशतः फाटलेली दिसली. शिवाय सांध्याभोवतीचे आवरण आखडले होते. यालाच आपण ‘फ्रोझन शोल्डर’ म्हणतो. रक्तातील साखर तपासली, ती वाढलेली निघाली. त्यांना मधुमेहाची कल्पनाच नव्हती. मधुमेहींमध्ये खांदा आखडण्याचे प्रमाण पुष्कळ जास्त असते, म्हणून खांदा धरलेल्या प्रत्येक प्रौढाने साखर तपासून घ्यावी.

दुखापत पडण्याने झाली होती, पण आखडणे वाढवले ते दीड महिन्याच्या झोळीने. हाड मोडलेले नसेल, तर झोळी साधारणपणे काही दिवसच पुरे. त्यानंतर वजन उचलणे आणि झटके देणे टाळायचे, पण हात सोसेल तितका हलवत राहायचा. मालिश करणाऱ्याकडून किंवा हाड बसवणाऱ्याकडून दुखरा हात जोराने ओढून घेणे मात्र धोक्याचे. ठिसूळ हाड त्याने मोडू शकते आणि अर्धवट फाटलेली कंडरा पूर्ण फाटू शकते.

पहिल्या दोन दिवसांत कापडात गुंडाळलेला बर्फ 15 मिनिटे, दिवसातून तीन-चार वेळा. पुढे आखडलेपणासाठी व्यायामाआधी कोमट शेक. मधुमेहामुळे त्वचेची जाणीव कमी झालेली असेल, तर शेकाची धग घरच्या माणसाने आधी स्वतःच्या हाताला लावून पाहावी.

वेदनाशामक गोळ्या मनाने घेऊ नयेत. दुकानातून सहज मिळणाऱ्या अनेक गोळ्या वृद्धांच्या जठरात रक्तस्राव करू शकतात, मूत्रपिंडाला इजा करतात आणि रक्तदाब वाढवतात. पॅरासिटामॉल तुलनेने सुरक्षित, पण तेही डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेतच. खांद्यात स्टिरॉइडचे इंजेक्शन घ्यायचे ठरले, तर त्यानंतर काही दिवस साखर वाढते, हे मधुमेहींनी ध्यानात ठेवावे.

घरी करण्याचे व्यायाम

डॉक्टरांनी हाड शाबूत असल्याची खात्री केल्यावरच हे सुरू करावेत.

*झोका* : चांगल्या हाताने टेबलाचा किंवा खाटेच्या कठड्याचा आधार घेऊन पुढे वाकावे. दुखरा हात सैल सोडून हलकेच मागे-पुढे, मग लहान वर्तुळात झुलवावा. एक-दोन मिनिटे, दिवसातून तीन वेळा. चक्कर येत असल्यास हा व्यायाम एकट्याने करू नये.

*टेबलावर सरकवणे* : खुर्चीत बसून टेबलावर कापड ठेवावे. त्यावर दुखरा हात ठेवून सावकाश पुढे सरकवावा. दहा वेळा.

*भिंतीवरची बोटे* : भिंतीसमोर उभे राहून बोटांनी चढत जावे. जिथपर्यंत हात गेला, तिथे खडूची रेघ ओढावी. आठवड्याने रेघ वर सरकलेली दिसते, आणि त्याने मनाला जो धीर येतो तो कोणत्याही गोळीने येत नाही.

*फरे जवळ आणणे* : ताठ बसून खांदे वर न उचलता दोन्ही फरे पाठीमागे एकमेकांकडे आणावेत, पाच आकडे मोजावेत, सोडावे. दहा वेळा. धनुष्य ओढण्याचा गाभा हाच आहे!

व्यायाम करताना थोडे दुखणारच. दहापैकी तीन-चार इतकी वेदना सोसण्याजोगी समजावी. ती दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत मूळपदावर आली, तर प्रमाण बरोबर आहे. रात्रभर ठणका लागला, तर दुसऱ्या दिवशी व्यायाम निम्मा करावा, बंद करू नये. फरक दिसायला सहा ते बारा आठवडे लागतात. पुरता आखडलेला खांदा सुटायला एक वर्ष किंवा त्याहूनही अधिक काळ लागू शकतो. त्यामुळे तीन आठवड्यांत निराश होऊ नये.

सून सांगून गेली

हे सारे मी आजोबांना नीट समजावून सांगितले होते. महिन्याने सून एकटीच आली. म्हणाली, “साहेब, बाबा काहीच करत नाहीत. खाटेवर पडून असतात. तुम्ही धनुष्य विसरा म्हटले, तेव्हापासून नातवालाही जवळ घेत नाहीत.”

माझा उपचार योग्य होता, शब्द चुकले होते. ज्या कामासाठी त्यांना हात हवा होता, तेच मी काढून घेतले होते. मग व्यायाम करायचा तरी कशासाठी?

पुढच्या खेपेला आजोबांना बोलावून घेतले आणि मी वेगळा प्रश्न विचारला, “बाबा, या हाताने तुम्हाला काय काय करायचे आहे?” त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या : स्वतःची बंडी स्वतः घालायची, माघात कचारगड चढायचे, आणि नातवाला दोरी कशी ओढायची ते दाखवायचे. आम्ही याच क्रमाने निघालो. बंडी समोरून उघडणारी घेतली. रेघा भिंतीवर नातू ओढू लागला. फऱ्यांचा व्यायाम दोघे मिळून करू लागले.

माघ पौर्णिमेला आजोबा डाव्या हातात काठी घेऊन, थांबत थांबत कचारगड चढले. धनुष्याबाबत मात्र मला खोटे बोलायचे नाही. त्यांचे स्वतःचे जुने, कडक बांबूचे धनुष्य त्यांना पुन्हा पूर्ण ताणता आले नाही. तसा हट्ट धरू नये, हेही मी त्यांना सांगितले. त्यांनी नातवाचे हलके धनुष्य घेतले, ते अर्धे ओढले, आणि कोपर कुठे असावा हे पोराला दाखवले. जोर कमी केला, पण विद्या राहिली.

साधन बदलून काम चालू ठेवणे यात कमीपणा नाही. जन्मतः हात नसलेली जम्मू-काश्मीरची शीतल देवी पायाने धनुष्य धरते, खांद्याच्या जोराने दोरी ताणते आणि जबड्याच्या साहाय्याने बाण सोडते. 2024 च्या पॅरिस पॅरालिंपिकमध्ये राकेश कुमारसह तिने मिश्र सांघिक कांस्यपदक मिळवले. आपल्या घरातील वृद्धांना पदक नको असते. त्यांना त्यांचे काम हवे असते.

घरच्यांसाठी काही सूचना

कपडे घालताना दुखरा हात आधी बाहीत घालावा, काढताना तो शेवटी काढावा. उठवताना हाताला धरून किंवा काखेत हात घालून कधीही ओढू नये. कमरेला आधार द्यावा. झोपताना चांगल्या कुशीवर वळून दुखरा हात समोर उशीवर ठेवावा. उताणे झोपल्यास कोपराखाली घडी घातलेली चादर ठेवावी. रोज लागणाऱ्या वस्तू छातीच्या उंचीवर आणून ठेवाव्यात. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, जे त्यांना सावकाश का होईना करता येते, ते आपण घाईने करून टाकू नये.

डॉक्टरांकडे त्वरित केव्हा जावे?

- पडल्यानंतर हात अजिबात उचलता येत नसेल किंवा खांद्याचा आकार बदलला असेल. ताजी, पूर्ण फाटलेली कंडरा लवकर कळली तर शस्त्रक्रियेचा लाभ अधिक होतो, त्यासाठी महिने दवडू नयेत.
- हाताला बधिरता आली असेल, बोटे गार किंवा निळसर पडली असतील.
- खांदा लाल, गरम आणि सुजलेला असून ताप असेल.
- विश्रांतीतही न थांबणारी वेदना आणि वजनात घट होत असेल.
- खांद्यासोबत छातीत दडपण, घाम किंवा धाप असेल. हे दुखणे खांद्याचे नसून हृदयाचे असू शकते. अशा वेळी शेक देत बसू नये, 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

घरात कोणाचा खांदा धरला असेल, तर आज त्यांच्याजवळ बसून एवढेच विचारा : या हाताने तुम्हाला काय करायचे आहे? उत्तर स्वयंपाकाचे असेल, देवपूजेचे असेल किंवा केळीच्या खांबावर मारायच्या बाणाचे असेल. ते ऐकून घ्या आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांनाही सांगा. उपचार तेथूनच सुरू व्हायला हवा.