थकलेले भाडे आणि राहून गेलेला शब्द

व्यापारी मनुष्यास उधारी नवी नाही. धान्याच्या पेढीवर चाळीसहून अधिक वर्षे बसल्यावर कोणते गिऱ्हाईक दिवाळीपर्यंत हिशेब पुरा करील आणि कोणास पुढील सुगीपर्यंत थांबवावे लागेल, हे त्याच्या चालण्यावरूनही ओळखता येते. परंतु मालाची उधारी आणि जागेचे थकलेले भाडे यांत मोठे अंतर आहे. माल एकदा गेला की गेला. फार तर पुढचा माल देणे आपण बंद करतो. जागेचे तसे नाही. भाडेकरू प्रत्येक उजाडत्या दिवसाबरोबर नवी उधारी करीत असतो आणि आपण न बोलता तिला संमती देत असतो. हे सत्य आम्हांस उशिरा उमगले. आमच्या सभासद बंधूंपैकी पुष्कळांचे स्वतःच्या मालकीचे एखाददुसरे दुकान भाड्याने दिलेले असते. त्यांच्या उपयोगी पडावे म्हणून आमचा अनुभव, त्यातील आमच्या चुकांसह, येथे मांडीत आहोत.

आमच्या पेढीशेजारचा सुमारे २४० चौरस फुटांचा गाळा वडिलांनी १९९८ साली त्यांच्या एका स्नेह्यास दिला. कागद झाला नाही. दोघांनी एका पाटावर बसून चहा घेतला, हाच करार. पुढे त्या स्नेह्याचा मुलगा दुकान पाहू लागला. भांड्यांचे दुकान, गिऱ्हाईक बऱ्यापैकी, भाडे दर महिन्याच्या पाच तारखेस न मागता येई. २०२० पर्यंत ते वाढत वाढत दरमहा ६,००० रुपये झाले होते व अनामत ५०,००० होती. त्या वर्षी मार्चअखेर टाळेबंदी आली आणि बाजारपेठेतील बहुतेक दुकानांची दारे मिटली. आमची धान्याची पेढी जीवनावश्यक म्हणून चालू राहिली. त्याचे दुकान बंद राहिले. एप्रिल, मे आणि जून या तीन महिन्यांचे भाडे आम्ही आपण होऊन सोडले. ते योग्यच केले, असे आम्ही आजही मानतो.

चूक झाली ती त्यानंतर. जुलैपासून दुकान उघडले, पण भाडे आले नाही. आम्ही विचारले नाही. स्नेह्याचा मुलगा, लहानपणी आमच्या पोत्यांवर खेळलेला. त्याच्याकडे पैसे मागावयाचे कसे? मधूनमधून तो दोन-चार हजार आणून देई. ते आम्ही पावतीवाचून गल्ल्यात टाकीत असू. दर वर्षी क्षमावाणीच्या दिवशी आम्ही परस्परांस हात जोडले, परंतु खतावणीतील आकड्याविषयी दोघांपैकी कोणी अवाक्षर काढले नाही. क्षमा मागणे सोपे होते. हिशेब मागणे अवघड होते. जून २०२२ अखेर चोवीस महिन्यांचे १,४४,००० रुपये झाले, त्यांतून आलेले २४,००० वजा जाता १,२०,००० येणे राहिले. तेही आमच्या वहीप्रमाणे. त्याच्या वहीत काय होते, हे पावत्या नसल्यामुळे सांगता येत नव्हते.

या सुमारास आमच्या चिरंजीवांचा संयम सुटला. एका रात्री त्यांनी त्या गाळ्याच्या शटरला आपले कुलूप ठोकले. सकाळी आम्ही वकिलांकडे गेलो, तेव्हा त्यांनी प्रथम एवढेच विचारले, “कुलूप अजून तिथेच आहे काय?” आणि ते तासाभरात काढावयास लावले. त्यांनी समजावून दिले ते प्रत्येक मालकाने कोरून ठेवण्यासारखे आहे. भाडे कितीही थकलेले असो, ताबा असणाऱ्यास न्यायालयाच्या हुकुमावाचून बाहेर काढता येत नाही. तसे केल्यास १९६३ च्या विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम ६ प्रमाणे तो सहा महिन्यांच्या आत दावा लावून ताबा परत मिळवू शकतो आणि त्या दाव्यात मालकी कोणाची हा प्रश्नच विचारात घेतला जात नाही. म्हणजे येणे आपले, जागा आपली, आणि आरोपीच्या जागी उभे राहावयाचे तेही आपणच! वीज वा पाणी तोडणे हाही त्याच जातीचा अविचार होय.

मग कायद्याची सरळ वाट कोणती? आमच्या बेळगावात या वाटेने अनेक वळणे घेतली आहेत. हा भाग मुंबई राज्यात असताना १९४७ चा मुंबई भाडे कायदा येथे लागू होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य बदलले, पुढे १९६१ चा भाडेनियंत्रण कायदा आला आणि त्याच्याही जागी १९९९ चा कर्नाटक भाडे कायदा २००१ च्या अखेरीस अंमलात आला. वाडवडिलांच्या वेळचे नियम तोंडपाठ असणारे आमच्यासारखे अनेक जण येथेच फसतात. नव्या कायद्याखाली व्यापारी जागांपैकी फक्त १४ चौरस मीटरपर्यंतच्या, म्हणजे सुमारे १५० चौरस फुटांच्या जागा येतात. अशा लहान दुकानाच्या बाबतीत थकबाकीची मागणी करणारी नोटीस पोहोचल्यापासून दोन महिन्यांत भाडेकरूने सर्व बाकी दिली नाही, तर तेवढ्या कारणावरून ताबा मागता येतो. आमचा गाळा त्याहून मोठा. त्यास १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा लागू. त्याच्या कलम १०६ प्रमाणे महिन्याच्या बोलीवरील भाडेदारी पंधरा दिवसांच्या लेखी नोटिशीने संपविता येते. पूर्वी ही मुदत भाड्याच्या महिन्याच्या अखेरीसच संपावी लागे आणि एका दिवसाच्या चुकीने दावे बुडत. २००२ च्या अखेरीस झालेल्या दुरुस्तीने ती अडचण बरीच दूर झाली. आता मुदत नोटीस मिळाल्यापासून मोजतात.

जुलै २०२२ मध्ये नोटीस गेली. ती मिळताच त्याने बँकेतून १२,००० रुपये आमच्या खात्यावर धाडले आणि आम्ही समाधानाने ते जमा करून घेतले. ही आमची पुढची चूक. नोटिशीनंतरचे भाडे म्हणून पैसे स्वीकारले, की नोटीस मालकाने सोडून दिली असा बचाव कलम ११३ च्या आधारे घेता येतो. रक्कम घ्यावयाची असेल तर ती मागील बाकीपोटी व हक्क राखून घेत आहोत, असे तत्काळ लिहून कळवावे लागते. शंका नको म्हणून जानेवारी २०२३ मध्ये दुसरी नोटीस रजिस्टर पोस्टाने, पोचपावतीसह पाठवावी लागली. तोवर येणे १,५०,००० झाले होते. मार्चमध्ये दावा दाखल झाला. थकलेल्या भाड्याची मुदत तीन वर्षांची असते. आम्ही आणखी दीड-दोन वर्षे संकोचात काढली असती, तर पहिल्या दीड वर्षाच्या भाड्यावर पाणी सोडावे लागले असते.

दावा वर्षभर चालला. तारखा पडत होत्या, दोन्हीकडील वकिलांची फी भरली जात होती आणि एकाच गल्लीत बसणारी दोन माणसे एकमेकांस टाळून दुसऱ्या बोळाने घरी जात होती. खरे सांगावयाचे तर पैशाहून आम्हांस हेच अधिक बोचत होते. अखेर २०२४ साली प्रकरण लोकअदालतीपुढे ठेवण्याचे दोन्ही पक्षांनी मान्य केले. तेथे झालेली तडजोड न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखीच बंधनकारक असते, तिच्यावर अपील नसते आणि भरलेली कोर्ट फी परत मिळते. मार्च २०२४ अखेर बाकी २,३४,००० होती. तीतून अनामतीचे ५०,००० वळते केले. त्याने १,००,००० रुपये दहा हप्त्यांत द्यावयाचे. उरलेले ८४,००० आम्ही सोडावयाचे. आणि जूनअखेर गाळा रिकामा करावयाचा, त्या तीन महिन्यांचे भाडे घ्यावयाचे नाही, असे ठरले. चिरंजीवांस हा तोटा वाटला. आम्ही त्यांस म्हटले, दावा आणखी चार वर्षे चालला असता तर गाळ्याचे तेवढे उत्पन्न आणि आपली झोप हीही नावे टाकावी लागली असती.

जूनच्या अखेरच्या दिवशी तो किल्ली घेऊन पेढीवर आला. आम्ही बसावयास सांगितले, चहा मागविला. थोड्या वेळाने तो म्हणाला, “अण्णा, एक बोलू का? तुम्ही तिसऱ्याच महिन्यात विचारलं असतं, तर मी तेव्हाच गाळा सोडला असता. लहान जागेत भागलं असतं माझं. तुम्ही काही बोलला नाही, मला वाटलं जमेल पुढे. मग आकडा एवढा वाढला की तोंड दाखवायची लाज वाटू लागली.”

त्यावर आम्हांस उत्तर सुचले नाही. दोन वर्षे ज्यास आम्ही आपला चांगुलपणा समजत होतो, तो निम्मा भिडस्तपणा होता. त्याने आमचे पैसे बुडाले आणि त्याच्या डोक्यावर न पेलणारे ओझे चढले. त्याने ठरलेले दहाही हप्ते दिले. दोन जरा उशिरा आले, इतकेच. आज तो उपनगरात लहानसे दुकान चालवितो आणि लग्नकार्यात भेटला की दोन शब्द बोलतो. पूर्वीचा मोकळेपणा मात्र आला नाही, आणि तो येईल असे आता वाटतही नाही.

नवा भाडेकरू आता लेखी करारावर आहे. एका वर्षाहून अधिक मुदतीचा करार नोंदविणे सक्तीचे असल्याने तो तसा रीतसर नोंदविला आहे. भाडे बँकेतून येते व प्रत्येक रकमेची पावती जाते. एक महिना चुकला तर आम्ही स्वतः जाऊन, चहा घेऊन, विचारतो. दुसरा चुकला तर लेखी विचारतो. सूट द्यावयाची असेल तर तीही तारीख व रक्कम घालून लेखीच देतो. सभासद बंधूंनी दया अवश्य करावी. व्यापाऱ्याचे ते भूषणच आहे. मात्र ती किती महिन्यांची आणि किती रुपयांची, हे समोरच्यास त्याच दिवशी सांगावे, एवढीच आमची विनंती आहे.