दोष कोठे शिरला?

अंतरपाट दूर होतो, वधू माळ घालण्यासाठी हात उचलते, आणि त्याच क्षणी तिचा हिरव्या चुड्याचा हात टीव्हीच्या पडद्यावर थरथरू लागतो. मागचा मंडप, गुरुजींचे पागोटे, तोरणाची पाने मात्र निश्चल असतात. जुन्या कॅसेटवरून डीव्हीडी करणाऱ्याला असे दृश्य दिसले, की तो बहुधा तबकडीला दोष देतो, दुसरी कोरी तबकडी आणतो आणि तोच उद्योग पुन्हा आरंभितो. जे स्थिर आहे ते निर्दोष आणि जे हलते तेवढेच सदोष, एवढी एकच गोष्ट त्याने विचारात घेतली असती, तर कारण तबकडीत नसून काळाच्या हिशेबात आहे, हे त्याच्या ध्यानी आले असते.

भारतात १९८२ साली, दिल्लीच्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने, रंगीत दूरचित्रवाणी आली ती पाल पद्धतीची. या पद्धतीत सेकंदाला २५ चित्रे असतात असे म्हणण्याचा प्रघात आहे; परंतु त्या काळचा कॅमेरा प्रत्यक्षात सेकंदाला ५० अर्धचित्रे टिपीत असे, म्हणजे ५७६ दृश्य ओळींपैकी एकाआड एक अशा २८८ ओळी आधी, आणि उरलेल्या २८८ त्यानंतर एक पन्नासांश सेकंदाने. या अर्धचित्रांना फील्ड म्हणतात. दोहोंतले कोणते आधीचे, याची नोंद फाइलमध्ये स्वतंत्रपणे करावी लागते. मिनी-डीव्ही कॅमेऱ्याच्या चित्रणात खालचे फील्ड आधी असते, तर व्हीएचएस कॅसेट कॅप्चर कार्डामार्फत संगणकात उतरवली असता पुष्कळदा वरचे. दोन्ही प्रकारचे चित्रण एकाच प्रकल्पात घेतले आणि ही नोंद कोठे उलटी झाली, की टीव्ही नंतरचा क्षण आधी दाखवितो व आधीचा नंतर. हात पुढे जातो, किंचित मागे येतो, पुन्हा पुढे जातो, आणि हे सेकंदातून पंचवीस वेळा घडत असल्यामुळे डोळ्यांना केवळ कंप जाणवतो.

येथे एका गैरसमजाचा खुलासा अवश्य केला पाहिजे, कारण त्यापायी चांगली चित्रणे कायमची बिघडलेली आहेत. संगणकाचा पडदा दोन्ही फील्ड एकाच वेळी दाखवीत असल्याने हलत्या वस्तूच्या कडा तेथे कंगव्याच्या दात्यांसारख्या दिसतात. ते दोषाचे लक्षण नव्हे; निर्दोष चित्रणातही तसेच दिसते. तरीही अनेक जण घाबरून डीइंटरलेसची, म्हणजे फील्डांची जोडी मोडून सलग चित्रे बनविण्याची, आज्ञा देतात, आणि साध्या प्रकारच्या डीइंटरलेसमध्ये प्रत्येक चित्रातले एक फील्ड, म्हणजे टिपलेल्या क्षणांपैकी निम्मे क्षण, टाकून दिले जातात. सबब, डीव्हीडीसाठीच्या चित्रणाची परीक्षा टीव्हीवरच करावी. नुसती नोंद चुकली असेल तर ती बदलल्याने काम भागते; परंतु फील्ड वेगळे न करताच चित्राची उंची कमीजास्त केली असेल, तर दोन क्षणांच्या ओळी एकमेकींत मिसळतात आणि मग मूळ कॅसेटकडे परत जाण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

आवाज ओठांच्या मागेपुढे होण्याचा विकारही काळाचाच, पण त्याच्या चालीवरून कारण ओळखता येते. आरंभापासून अखेरपर्यंत अंतर सारखेच राहिले, तर ध्वनी तेवढा सरकवला की पुरे. अंतर मध्येच एखाद्या ठिकाणी एकदम वाढत असेल, तर कॅसेट उतरवताना चित्रे गळाली आहेत असे समजावे. अशी २५ चित्रे गळाली की एका सेकंदाची तूट येते. अंतर संथपणे वाढत जात असेल, तर गतीच्या आकड्यात फरक आहे. अमेरिकेतल्या आप्तांनी पाठविलेल्या कॅसेटच्या बाबतीत हे विशेष घडते, कारण तिकडच्या एनटीएससी पद्धतीची गती सेकंदाला ३० चित्रे नसून सुमारे २९.९७ आहे, आणि ती पुरी ३० धरली तर तासाभरात ३.६ सेकंदांची तफावत पडते.

राहता राहिली खुद्द तबकडी. चित्र अडखळत असेल, तर ती जाळण्यापूर्वी, म्हणजे तिच्यावर लेखन करण्यापूर्वी, हार्ड डिस्कवर तयार झालेला व्हिडिओ टीएस हा फोल्डर संगणकावर चालवून पाहावा. तेथेही तीच जागा बिघडलेली असेल, तर कोऱ्या तबकड्यांवर खर्च करणे व्यर्थ आहे. तेथे सर्व सुरळीत असून प्लेअरच तेवढा अडखळत असेल, तर माहितीच्या ओघाचा हिशेब तपासावा: डीव्हीडीला चित्र व ध्वनी मिळून सेकंदाला १०.०८ मेगाबिटांची मर्यादा आहे, आणि पीसीएम, म्हणजे न दाबलेला, ध्वनी एकटाच त्यातले १.५ मेगाबिट घेतो, तेव्हा चित्राला ९ दिले की मर्यादा ओलांडली गेलीच. हिशेबही बरोबर असेल, तरच तबकडीवर संशय घ्यावा आणि तीच फाइल कमी वेगाने पुन्हा जाळावी. लेखन केंद्राकडून कडेकडे होत असल्याने काठोकाठ भरलेल्या तबकडीचा शेवटचा भाग आधी दगा देतो; ४.७ अब्ज बाइटांपैकी थोडी जागा मोकळी सोडणे म्हणूनच हिताचे.

डीव्हीडीसाठी एमपेग-२ या दाबलेल्या स्वरूपात रूपांतर करताना चित्रातला जो तपशील गळतो, तो परत मिळत नाही. म्हणून दुरुस्ती तबकडीवरून न करता कॅमेऱ्यातून उतरवलेल्या मूळ डीव्ही फाइलवरूनच करावी. तिला तासाला सुमारे १३ जीबी जागा लागते. तयार डीव्हीडी घरच्या टीव्हीवर अथपासून इतिपर्यंत पाहून होईस्तोवर तेवढी जागा राखून ठेवण्याची तजवीज करावी.