एक सोर्स, सात प्रोसेसर

पुण्याच्या सी-डॅकने १९९१ साली ‘परम ८०००’ हा महासंगणक उभा केला, तेव्हा त्यात इन्मॉस कंपनीचे ट्रान्सप्यूटर होते. १९९८ च्या ‘परम १००००’मध्ये सनचे अल्ट्रास्पार्क आले, पुढे ‘परम पद्म’मध्ये आयबीएमचे पॉवर ४ आणि २००८ च्या ‘परम युवा’त इंटेलचे झिऑन. १७ वर्षांत प्रोसेसरच्या निदान चार जाती! ‘परम’ हे नाव तेच राहिले. सॉफ्टवेअर मात्र दर वेळी नव्या प्रोसेसरसाठी पुन्हा बिल्ड करणे आले.

मुक्त सॉफ्टवेअरला हे काम रोजच करावे लागते. सोर्स कोड एकच असतो आणि तो लॅपटॉपच्या इंटेलवर, रास्पबेरी पायच्या आर्मवर, आयबीएमच्या मेनफ्रेमवर आणि नव्या रिस्क-फाइव्हवरही चालायला हवा असतो.

‘डेबियन’ या लिनक्सवरच्या मुक्त प्रणालीने यासाठी चोख व्यवस्था लावली आहे. १९९८ साली डेबियन २.० दोन आर्किटेक्चरसाठी, म्हणजे प्रोसेसरच्या दोन जातींसाठी, निघाले. ऑगस्ट २०२५ मधले डेबियन १३ अधिकृतपणे सात आर्किटेक्चरसाठी आहे. स्वयंसेवकाने पॅकेजचा सोर्स अपलोड केला, की प्रत्येक आर्किटेक्चरची ‘बिल्डडी’ यंत्रे तो आपापल्या परीने बिल्ड करू लागतात. बिल्ड फेल झाला तर त्याचा लॉग कोणालाही वाचता येतो. आधी जिथे पॅकेज बनत होते तिथेच ते आता बनेनासे झाले, तर नवी आवृत्ती पुढच्या टप्प्यात जात नाही.

बिल्ड अडतो कशाने? कधी लिंकिंगच्या वेळी. ६४ बिटांची संख्या एका झटक्यात, मध्ये कोणाला शिरू न देता बदलायची सोय काही जुन्या ३२ बिटी प्रोसेसरांत नसते. तिथे ‘लिबअ‍ॅटॉमिक’ ही लायब्ररी वेगळी जोडावी लागते. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्या इंटेल लॅपटॉपवर तिची गरजच न पडल्याने ती जोडायची राहून जाते.

दुसरा घोटाळा अधिक खोल आहे. सी भाषेत फाइल एकेक अक्षर करून वाचताना, फाइल संपल्याची खूण म्हणून लिनक्सवर -१ मिळतो. ही किंमत कोणी ‘चार’ (char) प्रकारात साठवली, तर इंटेलवर ती -१ च राहते. लिनक्सच्या आर्मवर ‘चार’मध्ये ऋण संख्या मावत नाही, तिथे -१ चे २५५ होतात, फाइल संपल्याचे प्रोग्रॅमला कळतच नाही आणि बिल्डमधल्या चाचण्या लटकतात. आता पुन्हा इंटेलकडे पाहिले, तर चूक तिथेही होतीच. फाइलच्या मधोमध २५५ किमतीचा बाइट आला, की इंटेलवरचा प्रोग्रॅम फाइल संपली असे समजून अर्ध्यातच थांबतो. दुरुस्ती एका शब्दाची: ‘चार’च्या जागी ‘इंट’ (int). आर्मने पकडलेली चूक सर्वांच्याच यंत्रांत होती, आणि अशा बिल्डांचे खरे मोल इथेच आहे.

‘फेडोरा’ या अशाच दुसऱ्या प्रकल्पाचा शिरस्ता आणखी कडक आहे. त्याच्या ‘कोजी’ या बिल्ड यंत्रणेत एका आर्किटेक्चरवर पॅकेज अडले, की सगळा बिल्डच फेल ठरतो. या प्रकल्पाशी महाराष्ट्राचे नाते जुने आहे: नोव्हेंबर २०११ मध्ये पुण्याच्या सीओईपीत ‘फुडकॉन’ ही फेडोराची परिषद भरली होती.

आता भारत स्वतःचे प्रोसेसर घडवतो आहे. सी-डॅकचा ‘वेगा’ आणि आयआयटी मद्रासचा ‘शक्ती’ हे दोन्ही रिस्क-फाइव्हवर आधारलेले आहेत. चिप तयार झाली तरी तिच्यावर हजारो पॅकेजेस बिनचूक बनल्याखेरीज ती कोणाच्या टेबलावर पोहोचणार नाही. त्यासाठी लॉग वाचणारी, कारण शोधणारी आणि पॅच पाठवणारी माणसे हवीत.

ती माणसे पुण्या-मुंबईचीच असायला हवीत असे नाही. १९८९ पासून रायगड जिल्ह्यात, लोणेऱ्याला, डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. अलिबाग, मुरुड किंवा श्रीवर्धनच्या विद्यार्थ्याकडे मेनफ्रेम नसली, तरी ‘क्यूईएमयू’ हे मोफत सॉफ्टवेअर साध्या लॅपटॉपवर तिची नक्कल उभी करते. वेग कमी पडतो, पण चूक सापडते. यंदाच्या प्रोजेक्टसाठी विषय शोधणाऱ्यांनी डेबियनचा एखादा फेल झालेला बिल्ड निवडावा, त्याचा लॉग शेवटच्या ओळीपासून वर वाचत जावा आणि दुरुस्ती पाठवावी.