गाडीवरची पाटी आणि वस्तीची ओळख

दुकानाला उंबरठा असतो, क्रमांक असतो आणि बहुधा दोन-तीन पिढ्यांची ओळखही असते. खाद्यपदार्थांच्या गाडीला यांपैकी काहीच नसते. आज ती या चौकात उभी राहते आणि उद्या पालिकेचे पथक आले की पुढच्या गल्लीत सरकते. म्हणून तिचे बाह्यांग हाच तिचा पत्ता आणि तीच तिची जाहिरात. रस्त्याने जाणारा अनोळखी मनुष्य दहा पावलांवरून तिच्याकडे पाहतो आणि थांबावे की पुढे जावे हे क्षणभरात ठरवतो. तेवढ्या वेळात त्याला तीन प्रश्नांची उत्तरे हवी असतात. येथे काय मिळते? ते किती रुपयांना मिळते? आणि हे अन्न मी खाण्याजोगे आहे काय? पहिल्या दोन प्रश्नांचे उत्तर पाटीवरचे शब्द देतात. तिसऱ्याचे उत्तर मात्र रंग, अक्षराचे वळण, पुसून लख्ख केलेला कठडा आणि पाटीवरच्या एखाद्या नेमक्या शब्दातून मिळते.

गाडीची सजावट ही केवळ हौसेची बाब मानली, तर या तिसऱ्या प्रश्नाचे मोल ध्यानात येत नाही. गाडी कोणी रंगवावी, ती पुसण्याचा अधिकार कोणाला असावा आणि तिच्यावर लिहिलेल्या शब्दाची जबाबदारी कोणी घ्यावी, या गोष्टींशी अनेकांची रोजीरोटी आणि संपूर्ण वस्तीचा चेहरा जोडलेला असतो.

घोडागाडीपासून मोटारीपर्यंत

चाकांवरच्या उपाहारगृहाचा इतिहास सांगणारे बहुधा अमेरिकेतील प्रॉव्हिडन्स शहरापासून आरंभ करतात. तेथे १८७२ साली वॉल्टर स्कॉट नावाच्या गृहस्थाने झाकलेल्या घोडागाडीतून रात्रपाळीच्या लोकांना खाद्यपदार्थ आणि कॉफी विकण्यास सुरुवात केली. उपाहारगृहे संध्याकाळी बंद होत आणि रात्री काम करणाऱ्यांची भूक तशीच राहत असे, ती उणीव या गाडीने भरून काढली. पुढे वूस्टर शहरात थॉमस बकली याने अशा गाड्या बांधण्याचाच उद्योग केला. त्याच्या गाड्यांना नक्षीदार रंगीत काचा असत आणि ‘व्हाइट हाउस कॅफे’ असे भारदस्त नाव असे. अंधाऱ्या रस्त्यावर दिव्याच्या प्रकाशात उजळणारी ती रंगीत काच हीच त्या गाडीची जाहिरात होती. स्वस्त अन्न खाणाऱ्या कामगारालाही देखण्या जागी उभे राहून खाल्ल्याचे समाधान मिळावे, हा विचार त्या सजावटीमागे दिसतो.

आजच्या मोटारगाडीवर याच विचाराला तंत्राची जोड मिळाली आहे. विक्रीची खिडकी पदपथाच्या बाजूला असते, त्यामुळे गाडीच्या दोन अंगांची कामे वेगळी होतात. खिडकीच्या बाजूला रांगेत उभा असलेला ग्राहक निवांतपणे वाचू शकतो, म्हणून पदार्थांची यादी आणि दर तेथे शोभतात. दुसरी बाजू वाहत्या रहदारीकडे असते. तेथे एक नाव, एक चित्र आणि दोन ठळक रंग यांपलीकडे काही लिहिले, तर ते वाचायला कोणालाच सवड नसते. रंगवण्याच्याही दोन रीती आहेत. पहिल्या रीतीत पेंटर हाताने ऑइल पेंट लावतो. दुसऱ्या रीतीत छापलेल्या विनाइलचे आवरण उष्णता देऊन गाडीच्या अंगावर चिकटवतात. विनाइल लवकर लागते आणि हवे तेव्हा सोलून काढता येते. हाताने काढलेले अक्षर वेळ घेते, परंतु त्यात काढणाऱ्याचा हात ओळखू येतो.

लॉस एंजेलिस: उभे राहण्याचा हक्क

लॉस एंजेलिसच्या पूर्व भागात मेक्सिकन वंशाच्या लोकांची जुनी, दाट वस्ती आहे. तेथे १९७४ साली राउल मार्तिनेझ यांनी आइस्क्रीमच्या जुन्या गाडीचे रूपांतर करून टाको विकण्यास प्रारंभ केला आणि त्यातून ‘किंग टाको’ हा मोठा व्यवसाय उभा राहिला. तशा गाड्यांना तेथे ‘लोंचेरा’ म्हणतात. त्यांच्या अंगावर मालकाच्या मूळ गावाचे वा प्रांताचे नाव, पदार्थांची हाताने रंगवलेली चित्रे, क्वचित एखादी धार्मिक प्रतिमाही दिसते. त्या गाड्यांवरील बहुतेक पदार्थ आपल्या ताटात येणारे नाहीत. तरीही परगावी स्थिरावलेल्या माणसाने आपले गाव गाडीच्या पत्र्यावर का लिहावे, हे आपल्यातील व्यापारानिमित्त देशोदेशी गेलेल्या कुटुंबांना वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

एप्रिल २००८ मध्ये तेथील काउंटी प्रशासनाने नियम कडक केला. व्यापारी भागात गाडीने एका ठिकाणी तासापेक्षा अधिक काळ थांबू नये आणि थांबल्यास एक हजार डॉलरपर्यंत दंड वा तुरुंगवास व्हावा, अशी तरतूद झाली. भाडे आणि कर भरून दुकान चालवणाऱ्या उपाहारगृहांची तक्रार यामागे होती, आणि ती अगदीच निराधार नव्हती. परंतु नियमाचा बोजा सर्वांत दुबळ्यावर पडला. रोज ठरलेल्या कोपऱ्यावर दिसणारी गाडी दर तासाला हलू लागली, तर तिची ओळख टिकणार कशी? विक्रेते संघटित झाले, त्यांच्या ग्राहकांनी मोहीम चालवली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये न्यायालयाने तो नियम रद्द ठरवला.

त्याच वर्षाच्या अखेरीस त्याच शहरात ‘कोगी’ नावाची गाडी निघाली. रॉय चोय या कोरियन-अमेरिकन पाकशास्त्रीने कोरियन आणि मेक्सिकन चवींचा मेळ घातला होता. आज गाडी कोठे उभी राहणार, हे तो चमू ट्विटरवरून कळवत असे आणि लोक शोधत येत. येथे चित्र पालटले. लोंचेरा वस्तीची होती, नवी गाडी सबंध शहराची झाली. तिला कोपऱ्याची गरज उरली नाही, मात्र दुरून ओळखू येईल अशा चिन्हाची गरज वाढली. पुढे अमेरिकेत ज्या नव्या गाड्यांची लाट आली, त्यांपैकी अनेकींचे बाह्यांग व्यावसायिक रचनाकारांनी घडवले होते. देखण्या नव्या गाड्यांकडे कौतुकाने पाहणाऱ्या शहराने जुन्या हातरंगी गाड्यांकडे मात्र वर्षानुवर्षे उपद्रव म्हणून पाहिले होते, हा विरोधाभास विसरण्याजोगा नाही.

मेक्सिको सिटी: पांढरा रंग

गाडीवरची ओळख पुसली गेली म्हणजे काय होते, याचे ठळक उदाहरण २०२२ साली मेक्सिको सिटीत घडले. त्या महानगराचा मध्यवर्ती विभाग क्वाउतेमोक या नावाने ओळखला जातो. ऐतिहासिक चौक, सधन वसाहती आणि कष्टकऱ्यांच्या जुन्या वस्त्या हे सर्व त्यात येते. तेथील पदपथांवर लोखंडी पत्र्याचे खाद्य-स्टॉल उभे असतात. फळांचा रस, सँडविच, मक्याचे पदार्थ असे नाना प्रकार तेथे मिळतात. या स्टॉलवर ‘रोतुलिस्ता’ म्हणजे पाट्या रंगवणारे कारागीर हाताने अक्षरे आणि चित्रे काढीत आले आहेत. हसणारे फळ, भरलेला पेला, सावली दिलेली जाड अक्षरे आणि मालकाच्या मनातील एखादे गमतीदार नाव, असे त्यांचे रूप असते.

विभागाच्या तत्कालीन प्रमुख सान्द्रा क्वेवास यांनी परिसर नीटनेटका करण्याच्या मोहिमेत ही चित्रे पुसण्याचा आदेश दिला. स्टॉल एकसारखे पांढरे झाले आणि त्यांवर विभागाचे अधिकृत बोधचिन्ह आले. शिस्त आणि स्वच्छता हे कारण देण्यात आले. काही विक्रेत्यांना या रंगकामाचा खर्चही स्वतःच्या खिशातून करावा लागल्याच्या बातम्या आल्या.

विरोध विक्रेत्यांपुरता राहिला नाही. रचनाकार, इतिहासाचे अभ्यासक, छायाचित्रकार आणि साधे रहिवासी एकत्र आले आणि ‘रेचिदा’ या गटाने उरलेल्या पाट्यांची नोंद करण्याचे काम हाती घेतले. त्यांचे म्हणणे ऐकण्याजोगे होते. शाळेत जाताना रोज पाहिलेले चित्र, वळण सांगताना ‘त्या रसवाल्याच्या पुढे’ असा दिलेला पत्ता, ही त्या वस्तीची स्मृती आहे आणि ती पुसताना तेथे राहणाऱ्यांना विचारले गेले नाही. दुसरा घाव कारागिरांवर होता. स्टॉलचा मालक पांढऱ्या स्टॉलवरही रस विकू शकतो. रोतुलिस्ताला मात्र पांढऱ्या भिंतीवर काम उरत नाही.

स्वच्छतेचा आग्रह चुकीचा होता, असे म्हणता येणार नाही. परंतु स्वच्छता पाण्यात, भांड्यांत आणि झाकलेल्या अन्नात असते. चित्र पुसल्याने त्यांपैकी काहीही सुधारत नाही.

आपल्याकडे पुसणारे हात

हे वाचताना आपल्या शहरांतील हातगाड्या डोळ्यांसमोर येणे स्वाभाविक आहे. महाराष्ट्रात अद्याप कोणी असा सरसकट पांढरा रंग फासलेला नाही. तरीही पुसणारे हात येथेही आहेत. पहिला हात फ्लेक्सचा. पेंटर सुतळीने रेघ आखून, सावली देऊन ‘भेळ’ हा शब्द लिहीत असे, तेथे आता संगणकावरून उतरवलेले पावभाजीचे तेच एक छायाचित्र कोल्हापुरात दिसते आणि नागपुरातही दिसते. दुसरा हात शीतपेयांच्या कंपन्यांचा. गाडीला छत्री आणि पाटी फुकट मिळते, परंतु त्यावर कंपनीचे नाव हातभर आणि मालकाचे नाव बोटभर असते. विक्रेत्याला दोष देण्यात अर्थ नाही, त्याला परवडते ते तो स्वीकारतो. मात्र यात गाडीची जाहिरात होत नाही, गाडीवर दुसऱ्याची जाहिरात होते.

या सर्वांत आपल्या समाजाशी थेट जोडलेला एक शब्द आहे. मुंबईत घाटकोपर वा विलेपार्ल्याच्या खाऊगल्लीत फिरताना गाड्यांवर ‘जैन’ हा शब्द जागोजागी दिसतो. जैन पावभाजी, जैन भेळ, जैन सँडविच. कांदा-लसूण नाही, बटाट्याच्या जागी कच्चे केळे, एवढा अर्थ त्या एका शब्दात ग्राहकाला मिळतो. वेष्टनावरील हिरव्या चौकटीतला हिरवा ठिपका पदार्थ शाकाहारी आहे एवढेच सांगतो, त्यात कंदमूळ आहे की नाही हे त्यावरून कळत नाही. ती उणीव गाडीवरच्या हाताने लिहिलेल्या शब्दाने भरून काढली आहे. विशेष म्हणजे गाडीवाला पुष्कळदा स्वतः जैन नसतो. दूरच्या प्रांतातून आलेला हा मनुष्य शेजारच्या कुटुंबांचा आहार समजून घेतो, आपली पाककृती बदलतो आणि तो शब्द पत्र्यावर लिहितो. ती पाटी त्याच्या हातची असली तरी तिचा मजकूर वस्तीने सांगितलेला असतो. वस्तीची ओळख ही अशी दोघांच्या देवाणघेवाणीतून घडते.

परंतु ज्या शब्दावर विश्वास ठेवला जातो, त्याच शब्दाने फसवणूकही होऊ शकते. पाटीवर ‘जैन’ आणि तवा एकच, उलथणे एकच, चटणीचे भांडे एकच, असे असेल तर त्या अक्षरांना अर्थ उरत नाही. तत्त्वार्थसूत्रात सत्याणुव्रताच्या अतिचारांत कूटलेखक्रिया म्हणजे खोटे लिहिणे सांगितले आहे आणि अचौर्याणुव्रताच्या अतिचारांत प्रतिरूपकव्यवहार म्हणजे चांगल्या वस्तूच्या नावाखाली हलकी वा भेसळीची वस्तू देणे सांगितले आहे. ही सूत्रे व्रती श्रावकासाठी आहेत, गाडीवाल्यावर ती लादता येणार नाहीत. तरी जाहिरात करणाऱ्या प्रत्येकाने, मग तो आपल्यातील मोठा उद्योजक का असेना, पाटी रंगवण्यापूर्वी मनाशी धरावी अशी ही कसोटी आहे.

करण्याजोगे काही

पथविक्रेत्यांच्या उपजीविकेचे संरक्षण आणि पथविक्रीचे नियमन करणारा केंद्रीय कायदा २०१४ साली झाला. त्यानुसार नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे असावे लागतात, आणि त्यांतील एक तृतीयांश महिला. रहिवाशांच्या संघटनांनाही या समितीत स्थान आहे. आपल्या वस्तीतील गाड्यांसाठी पालिका नवे रूप ठरवीत असेल, तर पाणी, कचराकुंडी आणि झाकणे यांचे नियम सर्वांना सारखे असावेत आणि पाटी, रंग व नाव मालकाकडे राहावे, असे आपण तेथे मांडू शकतो.

सभा, अर्ज आणि ठराव यांपलीकडे घरच्या घरीही काही करता येते. ओळखीच्या गाडीवाल्याची पाटी झिजली असेल, तर गावातील पेंटरकडून ती रंगवून घेण्यास त्याला थोडा हातभार लावावा. चातुर्मासात बाहेरचे न खाणाऱ्या आणि एरवी सूर्यास्तापूर्वीच गाडीशी जाणाऱ्या कुटुंबांची संख्या आजही मोठी आहे. या कुटुंबांनी ‘जैन’ हा शब्द वाचून थांबू नये, तवा वेगळा आहे काय हे आदराने विचारावे. जो वेगळा ठेवतो त्याच्याकडे पुन्हा जावे आणि चार जणांना सांगावे. तवा वेगळा ठेवण्यात गाडीवाल्याचा गॅस, जागा आणि वेळ खर्च होतो. त्या खर्चाचे चीज झाले, तरच तो पुढच्या वर्षी पाटीवरचा शब्दही जपेल आणि शब्दामागचा तवाही.