भर्ता कोण? : अमेरिकेंतील कृष्णवर्णीयांचे संसार आणि सरकारी साहाय्य

संस्कृतांत नवऱ्याला ‘भर्ता’ आणि बायकोला ‘भार्या’ म्हणतात, व हे दोन्ही शब्द ‘भृ’ या एकाच धातूपासून झालेले आहेत. भरणपोषण करतो तो भर्ता, आणि जिचें भरणपोषण करावयाचें ती भार्या. आतां भर्त्याच्या हातीं कांहींच उरलें नाहीं तर काय करावें, हा प्रश्न आमच्या पूर्वजांना सुचला नव्हता असें नाहीं. अनाथ बालकें, वृद्ध, व्याधिग्रस्त यांना राजानें पोसावें असें कौटिल्यानें अर्थशास्त्रांत सांगितलें आहे. आणि त्याच अध्यायांत, अंगीं सामर्थ्य असून जो बायकामुलांना व आईबापांना पोशीत नाहीं, त्याला बारा पणांचा दंडही सांगितला आहे. राजाचें कर्तव्य आणि गृहस्थाचें कर्तव्य हीं त्यानें अशीं शेजारीं शेजारीं ठेविलीं. पण राजा पोसूं लागला म्हणजे गृहस्थ आपलें काम सोडून देतो काय? आणि ‘गृहस्थ घरांत असेल तर आम्ही पोसणार नाहीं’ अशी अट राजानेंच घातली तर?

अमेरिकेंत हा वाद गेलीं साठ वर्षें चालला आहे, आणि तो मुख्यतः तेथील कृष्णवर्णीय नागरिकांच्या कुटुंबांविषयीं आहे. ज्यांच्या दास्यमुक्तीसाठीं झटणाऱ्या अमेरिकन लोकांना जोतीराव फुले यांनीं १८७३ सालीं आपलें ‘गुलामगिरी’ हें पुस्तक अर्पण केलें, त्या गुलामांचे हे वंशज. या वादांतलें एक वाक्य आपल्याकडील सुशिक्षित घरांतूनही ऐकूं येतें : ‘सरकारनें घरबसल्या पैसा दिला, म्हणून त्यांचे संसार मोडले.’ बोलणाराचा रोख पुष्कळदां अमेरिकेपेक्षां आपल्याच घरीं धुणींभांडीं करणाऱ्या बाईवर असतो. म्हणूनच तें वाक्य जरा उलगडून पाहावें असें आम्हांस वाटलें.

तेथील सामाजिक सुरक्षेचा कायदा १९३५ च्या ऑगस्टांत झाला. त्यांत निराधार मुलांना साहाय्य देण्याची एक योजना होती. तिचें मूळ त्याआधींच्या ‘मातृवेतना’च्या कायद्यांत होतें, इलिनॉय राज्यानें तसा कायदा १९११ मध्येंच केला होता. कल्पना अशी कीं, नवरा वारलेल्या गरीब बाईनें कामाला न जातां मुलें वाढवावीं व खर्च सरकारनें सोसावा. कायदा करणारांच्या डोळ्यांपुढें होती ती गोरी, अब्रूदार विधवा. त्याच कायद्यांतील वृद्धापकाळच्या विम्यांतून शेतमजूर आणि घरकाम करणारे नोकर वगळले गेले, व त्या काळीं बहुसंख्य कृष्णवर्णीय लोक हींच कामें करीत. पुढें १९३९ सालीं विमेदार कामगाराच्या विधवेला विम्यांतूनच वेतन मिळण्याची सोय झाली. म्हणजे मानाच्या विधवा एका खात्यांत गेल्या. आणि जिचा नवरा विम्याबाहेरचा, किंवा सोडून गेलेला, किंवा जिचें लग्नच झालेलें नाहीं, अशा बायका दुसऱ्या खात्यांत उरल्या. पहिल्या खात्याचा पैसा हक्काचा ठरला, दुसऱ्याचा भिक्षेचा. पुढच्या अनर्थाचें बीज या वाटणींत आहे, असें आमचें मत आहे.

दुसऱ्या खात्याला केंद्र सरकार पैशाचा वांटा देई, पण बरेचसे नियम राज्यांच्या हातीं होते. मदतीची मुख्य अट अशी कीं, आईबापांपैकीं एकाच्या मृत्यूमुळें, गैरहजेरीमुळें किंवा अपंगत्वामुळें मूल निराधार झालेलें असावें. धडधाकट बाप घरांत आहे पण त्याला काम नाहीं, तर मुलें उपाशी असलीं तरी कायद्यानें निराधार नव्हत! बेकार बापाच्या कुटुंबालाही मदत देण्याची मुभा राज्यांना १९६१ मध्यें मिळाली. ती निम्म्याच्या आसपास राज्यांनींच घेतली, आणि सर्वांवर सक्ती झाली ती १९८८ च्या कायद्यानें. शाळेंत नादारीचे अर्ज आमच्या हातांखालून पुष्कळ गेले आहेत. बाप वारलेल्या मुलाची नादारी तेव्हांच मंजूर होई. बाप आहे पण कारखाना बंद पडून घरीं बसला आहे, त्या मुलाच्या अर्जाला मात्र दाखल्यामागून दाखले लागत. यामुळें कोणी बापाला घराबाहेर काढीत नाहीं हें खरें. पण कागदावर तो ‘नाहीं’ असें लिहिण्याचा मोह केवढा असतो, हें आम्ही जाणतों. आणि जेथें तो खरोखरच नाहीं कीं काय हें पाहावयास मध्यरात्रीं माणसें येतात, तेथें त्याला खरोखरच जावें लागतें.

तशीं माणसें येत असत. कित्येक ठिकाणीं साहाय्यखात्याचे कर्मचारी अपरात्रीं दारें ठोठावून पलंगाखालीं, कपाटांत कोणी पुरुष लपला आहे काय, हें पाहात. कॅलिफोर्नियांतील अलामीडा परगण्यांत १९६३ च्या जानेवारींत अशी सामुदायिक झडती ठरली, तेव्हां बेनी पॅरिश नांवाच्या अंध कर्मचाऱ्यानें तींत भाग घेण्याचें नाकारलें. त्याची नोकरी गेली. १९६७ सालीं त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानें त्याच्या बाजूनें निकाल दिला. लुइझियाना राज्यानें तर १९६० मध्यें, अनौरस मूल जन्मलेलें घर ‘अयोग्य’ ठरवून वीस हजारांहून अधिक मुलांचें साहाय्य एकदम तोडलें. त्यांतलीं बहुतेक कृष्णवर्णीय होतीं. आईच्या वर्तनाबद्दल मुलापुढचें ताट ओढून घेण्याची ही शिक्षा कोणत्या नीतिशास्त्रांत बसते, तें आम्हांस ठाऊक नाहीं.

अलाबामा राज्याचा नियम मात्र सर्वांहून विलक्षण. कोणी सशक्त पुरुष बाईशीं सहवास करीत असेल, तर तो तिच्या मुलांचा ‘पर्यायी बाप’ समजावा व मुलांची मदत बंद करावी, असा तो नियम होता. त्या पुरुषानें मुलांसाठीं दमडी खर्च केली पाहिजे असें नाहीं. कायद्यानें त्याच्यावर तशी जबाबदारीही नव्हती. सेल्मा परिसरांतील एक विधवा, पदरीं चार मुलें. पहाटे साडेतीनपासून दुपारीं बारापर्यंत ती स्वयंपाकाचें आणि वाढण्याचें काम करी, व आठवड्याला सोळा ते वीस डॉलर मिळवी. आठवड्याच्या शेवटीं तिच्याकडे एक पुरुष येत असे. त्याला स्वतःची बायको आणि नऊ मुलें होतीं. १९६६ च्या ऑक्टोबरांत तिच्या मुलांची मदत बंद झाली. ती न्यायालयांत गेली. १९६८ च्या जूनमध्यें अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें तो नियम एकमतानें रद्द केला. नियम सुरू झाल्यापासून अडीच वर्षांत अलाबामांत मदत मिळणाऱ्या मुलांची संख्या सुमारें सोळा हजारांनीं, म्हणजे शेंकडा २२ नें घटली होती, असें निकालपत्रांतच नमूद आहे. भरण न करणारा भर्ता हा आमच्या व्याकरणांत वदतोव्याघात होय. अलाबामांत तो चार वर्षें अंमलांत होता.

या व्यवहाराचें मर्म एका कृष्णवर्णीय बाईनेंच नेमकें सांगितलें आहे. सहा मुलांची आई असलेल्या जॉनी टिलमन या साहाय्य घेणाऱ्या बायकांच्या चळवळीच्या पुढारी. त्यांनीं १९७२ सालीं लिहिलें त्याचा आशय असा कीं, हें साहाय्य म्हणजे एक प्रकारचें लग्नच आहे. एका पुरुषाच्या जागीं सरकार येतें, आणि या नवऱ्यानें छळ केला तरी बाईला काडी मोडतां येत नाहीं, तो मात्र तिला केव्हांही टाकूं शकतो.

विद्वानांचा वाद पेटला तो १९६५ च्या मार्चपासून. मजूरखात्यांतील डॅनियल पॅट्रिक मॉयनिहॅन यांनीं एका अहवालांत दाखविलें कीं, कृष्णवर्णीयांत जवळजवळ चौथा हिस्सा मुलें विवाहबाह्य जन्मतात. त्याचें मूळ गुलामगिरींत व पुरुषांच्या बेकारींत आहे. टीकाकार खवळले. मार खाणारालाच हे दोषी धरतात, असें ते म्हणाले. मग हर्बर्ट गटमन यांनीं १९७६ मध्यें जुनीं दप्तरें चाळून सिद्ध केलें कीं, दास्यांतून सुटलेल्या लोकांत आईबाप दोघेही असलेलीं घरेंच सर्रास होतीं. १९६० सालींसुद्धां दोनतृतीयांश कृष्णवर्णीय मुलें दोघांजवळ रहात होतीं. १९९५ च्या सुमारास तीं एकतृतीयांशावर आलीं. गुलामगिरींतून जें वांचलें, तें पस्तीस वर्षांत मोडलें.

कशानें? चार्ल्स मरे यांनीं १९८४ मध्यें उत्तर दिलें : साहाय्यानें. मदत वाढली आणि सुटसुटीत झाली, तेव्हां लग्न करणें तोट्याचें ठरलें. हें म्हणणें सोपें आहे, आणि माणसाचा हिशेबी स्वभाव पाहतां अगदींच टाकाऊ नाहीं. पण आकडे त्याला साथ देत नाहींत. १९७० पासून १९९६ पर्यंत महागाईचा हिशेब धरला तर सामान्य राज्यांतील मदतीचें मोल जवळजवळ निम्म्यावर आलें. मिसिसिपी तर शेवटीं तिघांच्या कुटुंबाला महिना अवघे १२० डॉलर देई. त्याच काळांत कृष्णवर्णीयांतील विवाहबाह्य जन्म शेंकडा ३८ च्या आसपास होते ते सत्तरावर गेले. गोऱ्यांतही ते वाढतच गेले. मरे यांचे पक्षपाती म्हणतात कीं, रोख पैसा घटला तरी अन्नाची व औषधपाण्याची मदत होती, आणि एकदां मोडलेली रीत पुनः बसत नाहीं. असेल. पण मग तें कारण एकट्या पैशाचें राहिलें नाहीं.

विल्यम ज्यूलियस विल्सन यांनीं १९८७ मध्यें दुसरीकडे बोट दाखविलें. शिकागो, डिट्रॉइट येथील कारखाने बंद पडले. लग्नाच्या वयाच्या मुलींच्या मानानें नोकरी असलेले तरुणच कमी उरले. त्यांत तुरुंगांची भर पडली. अमेरिकेच्या मोठ्या तुरुंगांतील कैदी १९७२ मध्यें दोन लक्षांच्या आसपास होते, ते २००९ पर्यंत पंधरा लक्षांच्या वर गेले, आणि त्यांत कृष्णवर्णीय पुरुषांची संख्या त्यांच्या लोकसंख्येच्या मानानें फारच मोठी. मुलीच्या बापाला स्थळ पाहतांना पहिला प्रश्न कोणता सुचतो, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. तोच प्रश्न शिकागोच्या मुलीलाही सुचतो.

१९९६ च्या ऑगस्टांत अध्यक्ष क्लिंटन यांनीं जुनी योजना मोडीत काढणाऱ्या कायद्यावर सही केली. मदतीला साधारणतः पांच वर्षांची मर्यादा आली, काम सक्तीचें झालें. मॉयनिहॅन तोंवर सिनेटर झाले होते. त्यांनीं कसून विरोध केला. १९९४ मध्यें सुमारें १ कोटी ४० लक्ष लोक हें साहाय्य घेत होते. अलीकडे ही संख्या वीस लक्षांच्या घरांत आली आहे. कृष्णवर्णीयांतील विवाहबाह्य जन्मांचें प्रमाण मात्र सत्तराच्या आसपासच राहिलें.

म्हणून ‘पैसा दिला म्हणून संसार मोडले’ हें वाक्य आम्हांस मान्य नाहीं. अटींविषयीं मात्र आमचा कटाक्ष कायम आहे. बापानें मुलासाठीं भरलेला पैसा सरकार आपल्या खर्चाच्या वसुलींत धरी. १९८४ नंतर त्यांतले महिन्याला पहिले पन्नास डॉलर आईच्या हातीं पडत, आणि १९९६ नंतर तेंही राज्यांच्या मर्जीवर गेलें. साहजिकच पुष्कळ बाप गुपचूप हातोहात देत, व दप्तरीं ‘कांहीं न देणारा’ म्हणून नोंदले जात. २०१३ मध्यें सरकारी आरोग्यखात्यानें बापांची पाहणी प्रसिद्ध केली, तींत मुलांना जेवूं घालणें, आंघोळ घालणें, अभ्यास घेणें यांत कृष्णवर्णीय बाप इतरांच्या मागें नसल्याचें दिसून आलें.

एकत्र कुटुंबांत वाढलेल्या वाचकांना कॅरोल स्टॅक या बाईंचें १९७४ चें पुस्तक विशेष ओळखीचें वाटेल. कागदोपत्रीं जेथें ‘बाप नसलेलें घर’ असें लिहिलें होतें, अशा एका वस्तींत त्या राहिल्या. त्यांना तेथें आज्या, मावश्या, भाऊबंद यांचें मोठें गणगोत आढळलें. कपडे, भांडीं, पैसे, प्रसंगीं मुलेंसुद्धां या घरून त्या घरीं जात. तेथील एका जोडप्याला म्हाताऱ्या मामाकडून पंधराशें डॉलर वारशानें मिळाले. या पैशांतून स्वतःचें घर घेण्याची त्यांची उमेद होती. साहाय्यखात्याला बातमी लागली आणि मुलांची मदत तात्काळ बंद झाली. मग नात्यांतलें आजारपण आलें, मयत आलें; जाण्यायेण्याला आगगाडीचीं भाडीं लागलीं. बहिणीचें दोन महिन्यांचें भाडें थकलें होतें व ती आजारी, तें भरलें. थंडी पडली, मुलांना गरम कोट आणि बूट नाहींत म्हणून त्यांची शाळा बुडूं लागली. घरच्या आणि नातवंडांच्या साऱ्या मुलांना कोट-बूट घेतले. दीड महिन्यांत पंधराशें डॉलर संपले, आणि घर घेण्याचें तसेंच राहून गेलें.