कमी धावलेली, पण किती टिकलेली?

संग्राहकांना आजही भुरळ घालणारी एक उघडी गाडी मराठी घराण्याची. इंदूरचे यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी १९३०च्या दशकात अमेरिकेची ड्यूसेनबर्ग एसजे घेतली आणि तिची दोन आसनी बॉडी लंडनच्या गर्नी नटिंगकडून बांधून घेतली. काळा-केशरी रंग, आठ सिलिंडर, ६.९ लिटरचं सुपरचार्ज्ड इंजिन, कंपनीच्या दाव्याप्रमाणे ३२० अश्वशक्ती. त्या काळची सुपरकारच! पुढे ती अमेरिकेत परतली. ती आपल्याकडे राहायला हवी होती.

वापरलेल्या उघड्या गाड्यांच्या आजच्या जाहिरातींत ‘कमी किलोमीटर’ ठळक छापतात. पण उभी गाडीही झिजते, कोकणात तर अधिकच. हातखंबा तिठ्याच्या आसपास चार महिने पाऊस झोडपतो. बंद गॅरेजमध्येही कापडी टपाच्या घड्यांत बुरशी धरते, ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, बॅटरी बसते. मीटरआधी टायर पाहा: कडेच्या लंबगोलातले शेवटचे चार आकडे २३१९ असतील, तर टायर २०१९च्या तेविसाव्या आठवड्यातला. रबर न धावताही कडक होतं. टप चार-पाच वेळा उघडून मिटवून बघा, तो हलवणाऱ्या पंपाचा आवाज ऐका. सर्व्हिसच्या नोंदी दरवर्षीच्या हव्यात.

गाडी ५० वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात असेल, तर केंद्राच्या २०२१च्या नियमांनुसार ‘व्हिंटेज’ नोंदणी मिळते. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरं. अशी गाडी रोजच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी रस्त्यावर आणता येत नाही.