पिकं तीन, मार एकाच जागी

खानदेशातल्या चोपडा, शिरपूर, शिंदखेडा या पट्ट्यात कपाशीची निंदणी आता खुरप्यापेक्षा पाठीवरच्या पंपावर चालते. मजुरी वाढली, बैलजोड्या घटल्या, आणि झड लागली की वाफसा येईपर्यंत कोळपं शेतात घालता येत नाही. अशा वेळी शेतकरी तणनाशकाकडे वळला, तर त्याला दोष देणं अन्यायाचं आहे. माझी काळजी पुढची आहे.

कपाशीवर पायरीथायोबॅक सोडियम, सोयाबीनवर इमॅझेथापायर, रब्बीत गव्हावर मेटसल्फ्युरॉन. बाटल्या वेगळ्या, पण तणाच्या पेशीत तिन्ही औषधं ‘एएलएस’ हे एकच विकर बंद पाडतात. मग आवश्यक अमिनो आम्लं तयार होत नाहीत आणि तण मरतं. मात्र लाखो रोपांत एखाद्याच्या विकराची घडण मुळातच वेगळी असते. औषध तिथं बसत नाही. बाकीची रोपं मरतात, हे बी टाकतं. पीक बदललं तरी पुढच्या हंगामात पुन्हा त्याचीच निवड होते. या गटाला दाद न देणाऱ्या तणाची पहिली नोंद 1987ची, अमेरिकेच्या आयडाहो राज्यातली. तेव्हा तिथलं औषध बाजारात येऊन जेमतेम पाच वर्षं झाली होती.

आपल्याकडे एकाच जागी मार देत राहण्याची जबर किंमत हरियाणानं मोजली. भात-गव्हाच्या फेरपालटात ‘गुल्ली डंडा’ या गवतावर वर्षानुवर्षं आयसोप्रोट्युरॉन हे एकच औषध मारलं गेलं. 1990च्या दशकाच्या सुरुवातीला ते लागू पडेना. गवतानं ते स्वतःच्या पेशीतच मोडून टाकायला सुरुवात केली होती. काही शेतकऱ्यांनी हिरवा गहू कापून गुरांना घातला. हिसारच्या कृषी विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी हा प्रतिकार सिद्ध केला, नवी औषधं आली. पुढे त्यांतल्या काहींनाही गवत बधेना.

ग्लायफोसेट या तणनाशकाची गोष्ट खानदेशाला अधिक जवळची. ते सोसणाऱ्या कपाशीला देशात परवानगी नाही, तरी तिचं बियाणं महाराष्ट्रात चोरून विकलं जातं. ऑक्टोबर 2022मध्ये केंद्रानं ग्लायफोसेटच्या वापरावर निर्बंध आणले. अशीच कपाशी पेरणाऱ्या अमेरिकेच्या जॉर्जियात आपल्या तांदुळजाच्या कुळातलं एक तण 2005च्या सुमारास ग्लायफोसेटला जुमानेनासं झालं. त्याच रानांत केनाही माजला. हा आपल्याच बांधावरचा केना ग्लायफोसेट मुळातच बराच सोसतो. तुटलेल्या कांड्याला मुळं फुटतात, आणि जमिनीखालीही त्याला फुलं येऊन बी धरतं. फवाऱ्यानं बाकीची तणं गेली की सगळं रान त्याला मोकळं.

म्हणून बाटलीवरच्या नावापेक्षा आतलं औषध कोणत्या गटाचं, हे कृषी सेवा केंद्रात विचारायला हवं. कपाशी पेरल्याबरोबर पेंडिमिथॅलिन मारलं तर ते पेशीविभाजनावर घाव घालतं, म्हणजे मार निराळ्या जागी बसतो. नंतर वाफसा मिळेल तेव्हा एक कोळपणी करावी. आणि फवारणीनंतर दोन-तीन आठवड्यांनी तासातासानं फिरून पाहावं. एकाच जातीची काही झाडं वाळलेली आणि त्यांना लागून काही हिरवीगार दिसली, तर आधी नोझल आणि मात्रा तपासावी. त्यात खोट नसेल, तर दुसरा फवारा न मारता ती हिरवी झाडं बी धरण्याआधी उपटून शेताबाहेर न्यावीत.